न पुकारलेली भाकर

टेबलावरचा केक पुकारला गेला. पपई पुकारली गेली. पाय बांधलेला एक कोंबडा तर तीनदा विकला गेला, कारण घेणारा प्रत्येक जण तो परत देवालाच देऊन टाकत होता. लोक हसत होते, टाळ्या वाजवत होते. मग आमच्या टोपलीची पाळी आली. टेबलावर जागा नाही म्हणून ती खाली ठेवलेली. महिला मंडळाच्या मॅडमनी ती पायानं टेबलाखाली सरकवली.

पायानं. वाकावंसुद्धा वाटलं नाही.

शहरातल्या छावणी भागात आमचं चर्च आहे, तिथला हंगामाचा सण होता. उपासना झाली की आवारात अर्पणाच्या वस्तूंचा लिलाव होतो आणि जमलेला पैसा सेवाकार्याला जातो. सेवाकार्य म्हणजे मीच. फर्दापूरच्या पुढं डोंगरात भिल्लांची एक वस्ती आहे, तिथं चर्चनं मला पाठवलं होतं. वार्षिक अहवालात त्या लोकांचं नाव नसतं. ‘सुवार्ता न पोहोचलेले लोक’ एवढंच छापतात. छावणीतून सकाळची एसटी धरली तर जेवणाच्या वेळेला माणूस तिथं पोहोचतो. पण इतक्या वर्षांत माझ्याशिवाय कुणी पोहोचलं नाही.

त्या वर्षी पहिल्यांदाच वस्तीवरच्या बाया माझ्याबरोबर शहरात आल्या होत्या. जमनाबाई त्यांच्यात वयानं मोठी. मीच वस्तीत शिकवलं होतं की पहिलं पीक देवाला द्यायचं. मला वाटलं, कणसं आणतील. पण त्यांच्यात नवं पीक कच्चं देत नाहीत. ते रांधायचं, देवापुढं ठेवायचं आणि जमलेल्या सगळ्यांनी तिथंच वाटून खायचं. तोवर घरात कुणी नव्या दाण्याला तोंड लावत नाही, लेकरंसुद्धा नाहीत. म्हणून त्यांनी पहाटे उठून नव्या मक्याच्या भाकरी थापल्या. वर ठेचा, आणि रिकामं दिसू नये म्हणून बाजूला सीताफळं.

मॅडम माझ्या कानाशी आल्या. तीन पिढ्यांपूर्वी त्यांचं घराणं भटपण सोडून ख्रिस्ती झालं, हे त्या चर्चमध्ये श्रद्धेची साक्ष द्यायला उभ्या राहिल्या की दर वेळी सांगतात. आमच्या घराण्यानं काय सोडलं हे आम्हाला कुणी कधी विचारलं नाही.

“भाकरी लिलावात नकोत,” त्या म्हणाल्या. “कुणी खाणार नाही गं. उगाच त्यांनाच वाईट वाटेल. सीताफळं घेऊ आपण. सीताफळाला साल असते.”

सीताफळाला साल असते. हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही.

माझी आई याच चर्चची झाडलोट करायची. सणाला ती करंज्या घेऊन यायची, आणि तिचा डबा कधीच पुकारला जायचा नाही. घरी येऊन ती म्हणायची, “लोकांची पोटं भरली व्हती.” आम्ही भावंडं पुढचे दोन दिवस करंज्या खायचो. मी तर खूश असायची. टोपलीकडं बघताना मला आईचं ते वाक्य आठवलं. आईला कळत होतं. सगळं कळत होतं. आणि आता तिला विचारायची सोय राहिली नव्हती.

जमनाबाईनं माझा पदर ओढला. “बाई, आमची टोपली कवा?”

तिनं पदर सोडला नाही.

“कुनी खाल्ली नाय तर पोरास्नी काय सांगू? घरी मका तसाच पडलाय.”

मी वाकले. टोपली ओढून काढली आणि केकचं ताट बाजूला सारून टेबलावर ठेवली. लिलाव पुकारणारे मास्तर म्हातारे, भले गृहस्थ. मी म्हणाले, “पुकारा, मास्तर.” त्यांनी मॅडमकडं पाहिलं आणि चष्मा पुसायला घेतला.

मग मीच पुकारलं. “मक्याच्या भाकरी. जमनाबाईच्या हातच्या. पैसा नको. जो खाईल त्याच्या. एक वार!”

खुर्च्या वाजल्या. कुणी उठलं नाही. सकाळी याच माणसांनी एक भाकर मोडून प्रभुभोजन घेतलं होतं.

“दोन वार!”

“तमाशा करू नकोस,” मॅडम म्हणाल्या. “तुझा पगार याच लोकांच्या देणगीतून निघतो.”

“तीन वार,” मी म्हणाले.

कुणीच आलं नाही. मी टोपली उचलली, आवारातल्या लिंबाखाली बायांमध्ये मांडी घालून बसले आणि भाकर मोडली. आम्ही खाल्लं. ठेचा जहाल होता, डोळ्यांतल्या पाण्याला निमित्त मिळालं. जमनाबाई म्हणाली, “चला, आता घरी मका शिजल.” मग गर्दीकडं बघत तिनं विचारलं, “ही मान्सं आपली नव्हं का?”



पगार बंद झाला. फर्दापूरला एका लॉजच्या मागं माझी खोली आहे. तिथं ब्लाऊज शिवते आणि रविवारी डोंगर चढते. नाताळला छावणीतून कुणाचा फोन आला नाही. ज्या चर्चच्या पायऱ्यांवर मी रांगले, त्या चर्चला माझी आठवण आली नाही. मी दार लावून एकटीच नाताळची गाणी म्हटली. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला कुणीच नव्हतं.

यंदा मका निघायच्या सुमाराला मॅडमचा फोन आला.

“झालं गेलं विसर. सणाला बाहेरून देणगीदार पाहुणे येतायत. वस्तीवरच्या बायांना त्यांच्या पोशाखात घेऊन ये. पगाराचंही बघू.”

“मी कुणाला आणणार नाही,” मी म्हणाले. “सण यंदा वस्तीवर आहे. तुम्ही या.”

“आम्ही येऊन काय करायचं?”

“जेवायचं. उपाशी पोटी या.”

फोन तिकडून बंद झाला. होऊ दे. यंदा भाकर पुकारली जाणार नाही, वाढली जाणार. या बायांच्या ताटात ज्याला हात घालवत नाही, त्याचा पैसा या डोंगरावर चढणार नाही. वाटेत मी उभी आहे.