कथलाचा डाक

मी मुळातच घाबरट. आता ते सगळ्या घराला ठाऊक आहे, तेव्हा मात्र लपवण्याची फार धडपड करायचे. लग्न होऊन अंबरनाथला आले त्याला वर्षही झालं नव्हतं. स्वातंत्र्य नवं, ह्यांची कारखान्यातली नोकरी नवी, मीही नवीच. घरात जुना होता तो सासूबाईंच्या लग्नातला तांब्याचा बंब. मधल्या नळकांड्यात निखारे, भोवती पाणी आणि खाली तोटी. सासूबाई त्याला दर शनिवारी स्वतः चिंच लावून घासत, मला हात लावू देत नसत.

नणंद बाळंतपणाला आली आणि बंब सकाळपासून पेटू लागला. एकदा नळकांड्यात लाकूड अडकलं. मी घाईने सळईने ठोसलं, तर लाकडाऐवजी तांबंच फुटलं. पाणी थेंबथेंब निखाऱ्यांवर पडून चर्रचर्र वाजायला लागलं.

उल्हासनगरच्या छावणीतला एक सिंधी कल्हईवाला आमच्याकडे यायचा, पण तो आला असता तर सासूबाईंना कळलं असतं. त्याचं काम मी कितीदा पाहिलं होतं. त्याच्याकडून घेतलेला कथलाचा तुकडा आणि नवसागर घरात होता. दुपारी सगळे झोपल्यावर मी बंब आडवा केला, भोकापाशी निखारे सारले, तांबं तापल्यावर नवसागर टाकून कथील घासलं आणि काठीला गुंडाळलेल्या चिंधीने पसरवलं. डाक बसला, भोक बुजलं. पाणी भरून पाहिलं, थेंब नाही! स्वतःवरच खूश झाले मी.

संध्याकाळी कल्हईवाल्याचं जुनं बोलणं आठवलं. तोटीला डाक देताना तो म्हणाला होता, "पानी कम मत होने देना, बहन. टांका पिघल जाएगा."

पाणी उतरलं की तांबं तापणार आणि माझा डाक वितळणार. तिथून माझी झोप उडाली. आमच्याकडे रीत होती, एक तांब्या कढत काढला की एक तांब्या गार ओतायचा. पण बाळंतिणीला आणि बाळाला न्हाऊ घालायला पालेगावहून एक म्हातारी यायची, तिला ही रीत मुळीच मान्य नव्हती. बंबाशेजारी पाटावर बसून, पाय पसरून, पोरीला पायांवर घ्यायची. मी गार पाणी ओतायला गेले की ओरडायची, "पानी नको वतू गो सूनबाय, निवतंय त्ये!"

मी काही ना काही निमित्त काढून न्हाणीघराच्या दारात उभी राहायचे आणि तांबे मोजायचे. म्हातारीची पाठ वळली की हळूच गार पाणी ओतायचे. घास घशाखाली उतरत नव्हता. सासूबाई म्हणाल्या, "तुलाही दिवस गेले की काय?"

एके दिवशी त्यांनीच मला तांदूळ निवडायला बसवलं. उठता येईना. सुटून धावत गेले तेव्हा तोटीतून करंगळीएवढी धार येत होती आणि पोर म्हातारीच्या पायांवर होती. "उठा, पोरीला घेऊन लांब व्हा," एवढंच म्हणायचं होतं. ते म्हटलं असतं तर का, हेही सांगावं लागलं असतं. मी भरलेली बादली उचलून बंबात रिकामी केली.

कथील केव्हाच वितळलं होतं. सगळं पाणी भोकातून निखाऱ्यांवर कोसळलं. नळकांड्याच्या खालच्या तोंडातून वाफ, राख आणि कढत पाणी भस्सकन बाहेर आलं. म्हातारीने पोरीला डोक्यावर उचललं. पाय मात्र तिला ओढून घेता आले नाहीत.

पोरीला काही झालं नाही. सासूबाई धावत आल्या, त्यांनी बंबाकडे पाहिलंसुद्धा नाही. माझे हात उलटेपालटे करून बघत म्हणाल्या, "जुनाच होता गं तो. तुला भाजलं नाही ना?"

मागच्या ओट्यावर मी म्हातारीच्या नडगीला चुन्याची निवळी आणि खोबरेल लावत होते. तिने हळूच विचारलं, "तुला ठाव व्हता का गो?"

"नाही," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती पायाला फडकं बांधून लंगडत आली. मी चुलीवर तापवलेल्या पाण्याचं पातेलं पाटाजवळ नेऊन ठेवलं. पोरीला मांडीवर घेण्याआधी तिने ते पातेलं स्वतःच्या हाताने लांब सरकवलं, आणि मग मला दाराबाहेर जायला सांगितलं.