सहदेवाचं झाकलेलं ताट

ट्रंक जिन्याच्या दुसऱ्या वळणावर अडकली होती. खालून हमाल ढकलत होता, वरून दोन अनोळखी माणसं ओढत होती आणि मी मधल्या पायरीवर हातात छत्री धरून उभी होते. तिसऱ्या मजल्यावरून एक बाई वाकून म्हणाली, "आडवी नको, उभी करा तिका. मागे माझी सून आसा, तिका वाट द्या."

सासूबाईंची आणि माझी ही पहिली भेट. आमच्या लग्नाला चार वर्षं झाली होती. लग्न नैरोबीत झालं. माझा जन्म तिथलाच. वडील गिरगावातून रेल्वेच्या नोकरीसाठी तिकडे गेले आणि तिथेच राहिले. नवरा मात्र लालबागच्या या चाळीतला. त्याच्या कचेरीने रजा दिली नाही, म्हणून मी एकटी निघाले. काम एकच होतं. आईंना नैरोबीला घेऊन यायचं. घर तयार होतं, त्यांची खोली रंगवून झाली होती. प्रवेश परवान्याचा अर्ज माझ्या पर्समध्ये होता. त्यावर त्यांची सही आणि निघण्याची तारीख, एवढंच बाकी होतं.

मोंबासाहून मुंबईला बोटीने नऊ-दहा दिवस लागतात. डेकने जाणाऱ्यांनी अंथरूण आणि सुकं खाणं आपलं न्यावं. सेकंड क्लासात जेवण मिळतं, पण चौथ्या दिवसापासून सगळ्याला एकच चव येते. कस्टममध्ये लोणच्याची बरणी उघडायला लावतात. झाकण सैल ठेवलं तर वेळ वाचतो. बॅलार्ड पियरहून लालबागला सामान असेल तर व्हिक्टोरिया घोडागाडी करावी. सामान नसेल तर दादरकडची ट्राम पुरते.

खोली एक. पुढे गॅलरी, आत मोरी, चूल आणि भिंतीला लावून ठेवलेले पाट. सासरे वारल्यापासून आई खाणावळ चालवत होत्या. मालवणकडच्या त्यांच्या गावचे गिरणी कामगार दोन पाळ्यांमध्ये जेवायला येत, पहिल्या पाळीचे तेरा. ते त्यांना काकी म्हणत. मी आल्या दिवसापासून वहिनी झाले.

पोचल्यावर साडी बदलायला मी दार लावलं. दोन मिनिटांत दारावर थाप. मग दुसरी. उघडलं तर गॅलरीत सात-आठ बायका उभ्या.

"काय झालं?" एकीने विचारलं.

"काही नाही. साडी बदलत होते."

"मग दार कशाला लावलंत? आम्हांला वाटलं, बोटीवरून कसली बातमी आणली."

तिथे साडी बदलायची तर दोरीवर चादर टाकतात. दार दिवसा फक्त कुणी वारलं तर लागतं. आमच्या नैरोबीच्या घराला कुंपण आहे, कुत्रा आहे, दाराला दोन कुलपं आहेत. इंग्रज सरकारने तिकडे आणीबाणी लावल्यापासून संध्याकाळी सहानंतर आम्ही कुणालाही दार उघडत नाही. मी हे आईंना अभिमानाने सांगितलं. त्यांनी विचारलं, "मगे तुमका बरा नाय वाटला तर कोणाक कळता?"

मी म्हटलं, टेलिफोन आहे.

पहिल्या आठवड्यात मी तीन वेळा अर्ज त्यांच्यासमोर ठेवला. एकदा त्या तांदूळ निवडत होत्या, एकदा बांगडे साफ करत होत्या, एकदा नुसत्या बसल्या होत्या. तिन्ही वेळा त्या म्हणाल्या, "घाई कसली?" मी ठरवलं की घाई करायची नाही, पण अर्जही ट्रंकेत टाकायचा नाही. तो देवाच्या फळीवर, कुंकवाच्या करंड्याखाली ठेवला. त्यांनी काढला नाही. रोज सकाळी करंडा उचलत, कुंकू लावत आणि परत त्यावरच ठेवत.

मी कामाला लागले. पहाटे पाचला नळावर रांग लावायला शिकले. कुळथाची पिठी, सुकटाची आमटी, एका हाताने भाकरी फिरवणं शिकले. पहिल्या भाकऱ्या पाहून दाजी नावाचे एक वयस्कर विणकर म्हणाले, "वहिनी, हो आफ्रिकेचो नकाशो काय?" सगळे हसले. त्यांनी ती भाकरी पूर्ण खाल्ली.

एका रविवारी ट्रामने गिरगावात आत्याकडे गेले. तिने जायफळ घातलेली कॉफी दिली, पितळी डब्यातली नारळाची वडी दिली. तिच्याकडे सगळे हळू बोलत होते, वर्तमानपत्र नीट घडी करून ठेवलं होतं. "लालबागेत राहवतं तुला?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. हो म्हणताना मला कळलं की मी खरं बोलते आहे. मुंबई महाराष्ट्राला मिळाली पाहिजे, हे आत्याच्या घरातही सगळ्यांचं मत होतं. लालबागेत ते भिंतीवर कोळशाने लिहिलेलं होतं, आणि त्यासाठी एक माणूस जेवायला येत नव्हता.

त्या माणसाचं नाव सहदेव. गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात काम करणारा, पंचविशीचा. मी येण्याआधी महिनाभर तो सत्याग्रहाच्या तुकडीतून गेला आणि तुरुंगात होता. मी त्याला कधी पाहिलं नाही. त्याचं ताट मात्र रोज पाहत होते. पहिल्या पाळीची माणसं सुटून आली की आई तेरा पाट मांडत, तेरा ताटं वाढत. भिंतीकडचं तेरावं दुसऱ्या ताटाने झाकत. सगळे जेवून गेले, दुसऱ्या पाळीचेही आटोपले, की शेवटी ते ताट उघडून आई स्वतः जेवत. थंड झालेलं.

तिसऱ्या आठवड्यात त्या चाळीतल्या बायकांबरोबर मोर्चाला गेल्या. जाताना म्हणाल्या, "तू वाढ. तुका जमता आता." मला बरं वाटलं. त्या दिवशी दाजींबरोबर त्यांच्या गावाहून आलेला पाहुणा होता, दोन दिवसांच्या प्रवासाने दमलेला. चौदावं ताट नव्हतं. झाकलेलं ताट समोर होतं. मी ते उघडलं आणि पाहुण्यापुढे ठेवलं.

घास हातात घेतलेल्यांनी तो खाली ठेवला. पाहुण्याला काही कळेना.

दाजी म्हणाले, "वहिनी, ता सहदेवाचा."

"पण तो तर येणार नाही आज."

"नाय येवचो. ताट तेचा आसा."

पाहुणा उठला. दाजींनी त्याला आपल्या ताटात जेवायला बसवलं. सगळे रोजच्यापेक्षा लवकर उठून गेले.

संध्याकाळी आई आल्या. जिन्यातच त्यांना कळलं होतं. पायांवर पाणी घेतलं, ताट घासलं, नव्याने भात वाढला, झाकलं. मी म्हटलं, "आई, माणूस येणार नाही हे माहीत असताना रोज वाढायचं कशाला?"

"हयसून जाणारो माणूस सांगून जाता. काकी, उद्यापासून माझा ताट मांडू नको. कोण गावाक जाता, कोण दुसरीकडे जाता. सांगता. सहदेवान माका सांगूक नाय."

मग त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे स्वयंपाकाक कोण आसा?"

"ओटिएनो. आफ्रिकन आहे. छान करतो."

"तो खय जेवता?"

"मागच्या अंगणात. त्याचा टिनचा थाळा आहे."

"आधीपासून तोच?"

"नाही. आधी कमाऊ होता. सहा वर्षं, माझ्या लग्नाआधीपासून. दोन वर्षांपूर्वी पोलिसांनी पुष्कळ लोकांना धरून नेलं, त्यात तोही गेला. बाजारात गेला होता, परत आला नाही."

"मगे?"

"मग काय? आठवडाभर मी केलं. मग ओटिएनोला ठेवलं."

"तेच्या बायकोक कोणी सांगल्यान?"

मला माहीत नव्हतं. त्याला बायको होती की नाही, हेही मला नक्की माहीत नव्हतं. आई सहदेवाचं ताट घेऊन जेवायला बसल्या. मी पाणी दिलं.

त्यानंतर मी अर्जाचा विषय काढला नाही. परतीच्या बोटीची तारीख जवळ आली तेव्हा तिकीट पुढच्या बोटीवर बदलून घेतलं. (बदल करायचा असेल तर कचेरीत सकाळी जावं, दुपारी कारकून जागेवर नसतो.) नवऱ्याला तार केली. आणखी सात आठवडे राहिले. आई मोर्चाला जातील त्या दिवशी मी वाढत होते, तेरावं ताट झाकत होते आणि त्यांना उशीर झाला तर ते मी जेवत होते. तो सुटेल, या आशेवर थांबले होते. तो आला की आईंना निघायला मोकळीक मिळेल, असा माझा हिशेब होता. तो सुटला नाही.

निघायच्या सकाळी आईंनी करंडा बाजूला केला, अर्ज काढला आणि दौत मागितली. सही सावकाश केली, एकेक अक्षर सुटं. तारखेची जागा कोरी ठेवली.

"सहदेव येऊंदे. जेवूंदे. मगे मी येतलंय."

मी अर्ज घ्यायला हात पुढे केला. त्यांनी सोडला नाही.

"आणि तुझो तो माणूस खय गेलो, ता माका कळव. ता कळल्याशिवाय मी तुमच्या घरात जेवूक बसूचंय नाय."

मी म्हटलं, "दोन वर्षं झाली आई. कसं कळणार?"

"विचारून," त्या म्हणाल्या आणि अर्ज सोडला.

बॅलार्ड पियरवर त्या आल्या. दाजी रजा काढून आले. त्यांनी फडक्यात बांधलेल्या दोन भाकऱ्या दिल्या आणि सांगितलं, ह्यो गोल आसत. बोट सुटेपर्यंत आई उभ्या होत्या. हात हलवला नाही, पदर डोक्यावर घेऊन नुसत्या पाहत राहिल्या.

मोंबासाहून नैरोबीला रात्रीची गाडी. नवरा स्टेशनवर आला होता. त्याने माझ्या मागे डब्याच्या दारात पाहिलं, आणि मग ट्रंक उचलली.

घरी कुत्रा, दोन कुलपं, रंगवलेली खोली. सगळं स्वच्छ होतं. तीन महिन्यांत मला नळाची रांग, भोंगे, भांडणं यांचा कंटाळा आला होता आणि अंघोळीला बंद दाराचं न्हाणीघर मिळालं याचा आनंद झाला. तो मी लपवत नाही. पण जेवताना मागच्या अंगणात थाळा वाजला आणि माझा हात थांबला.

मी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने अर्ज उजेडात धरून सही पाहिली.

"कमाऊचं पूर्ण नाव तरी माहीत आहे का आपल्याला?" तो म्हणाला.

मला नव्हतं. त्यालाही नव्हतं. मी मागच्या अंगणात गेले आणि ओटिएनोला विचारलं. त्याने हातातला थाळा खाली ठेवला, मग पूर्ण नाव सांगितलं. बायकोचंही. म्हणाला, ज्यांची माणसं नेली त्या बायका जिल्हा कचेरीच्या मागे रांग लावतात. सकाळी लवकर जावं लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी कागदावर दोन्ही नावं लिहून तिथे गेले. रांगेत माझ्या पुढे चाळीस-एक बायका होत्या. शिपायाने मला पाहिलं आणि बाजूच्या दाराकडे हात केला. ते आफ्रिकन नसलेल्यांसाठी होतं, तिथे रांग नव्हती. मी जागेवरून हलले नाही. खिडकी नऊला उघडली.