दादाच्या शर्टाच्या खिशातली किल्ली

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही. देवापुढे हात जोडूनसुद्धा नाही. आता तुम्हाला का सांगतेय – तेही धड ठाऊक नाही.

माझा दादा ड्रायव्हर. डिचोलीच्या खाणींवर वीस वर्षं त्याने खनिजाचा ट्रक चालवला, कधी कुणाला साधं खरचटलं नाही. खाणी बंद पडल्यावर त्याने एक जुनी व्हॅन घेतली. त्या डिसेंबरात मला म्हणाला, "शोभा गो, जन्मभर धुळीतनं गाडी हाकली. आता एकदा दर्या बघत चालवतो." दोन तंबू उसने आणले. मोरजीपासून वेंगुर्ल्यापर्यंत, किनाऱ्याकिनाऱ्याने, चार दिवस जायचं ठरलं – दादा, वहिनी, त्यांची सायली आणि मी.

पहिला मुक्काम हरमलच्या पुढे, सड्याच्या, म्हणजे कातळपठाराच्या, उतारावर. गाडी वर, तंबू खाली, त्याच्याखाली समुद्र. वहिनी आयुष्यात पहिल्यांदा घराबाहेर उघड्यावर झोपणार होती. लहान मुलीसारखी हसत होती.

सकाळी दादा आणि सायली पोहायला खाली गेली. वहिनी तंबूपाशी पाठमोरी बसून चहा ठेवत होती. दादाचा शर्ट झाडाच्या फांदीवर, खिशात किल्ली. मी तेव्हा गाडी शिकत होते – गुपचूप, घरात कुणाला माहीत नव्हतं. वाटलं, गाडी पलीकडे काजूच्या सावलीत घेऊ. दादा बघतच राहील. एवढंच होतं का? की मला मिरवायचं होतं?

इंजिन सुरू झालं, तरी वहिनीने वळून पाहिलं नाही. तिला वाटलं असेल, दादाच आलाय.

गाडी नेली, बंद केली, उतरले. आणि हँडब्रेक – इथे मी दर वेळी थांबते – हँडब्रेक ओढला नाही. गिअरही टाकला नाही. दहा पावलं गेले असेन, मागे चाकांखालचे खडे वाजले. मी वळले तोवर गाडी तंबूवरून जाऊन खालच्या खडकांना अडली होती.

मग मी काय केलं असेल? ओरडले? वहिनीकडे धावले?

नाही. किल्ली माझ्या मुठीत होती. मी आधी झाडापाशी गेले, ती दादाच्या खिशात टाकली. मग हाक मारली.

वहिनी इस्पितळात पोचायच्या आधीच गेली. तेवढ्या वेळाने फरक पडला असता का? मी कधी कुणाला विचारलं नाही.

दादा दिवस दिवस ओसरीवर बसून तेच म्हणायचा – "मी ब्रेक ओढलेला गो. माझ्या हाताला आठवतं." एकदा माझा हात धरून म्हणाला, "तू बघितलंस ना मला ओढताना?"

बघितलं होतं. आदल्या संध्याकाळी मी त्याच्या शेजारच्याच सीटवर होते.

मी म्हटलं, "दमला होतास दादा. विसरला असशील."

तो आपल्या तळव्याकडे बघत राहिला. दुसऱ्या दिवशी पोलिसांना त्याने तेच सांगितलं – विसरलो. त्यानंतर स्टिअरिंगला हात लावला नाही. सायली बापाशी बोलेनाशी झाली. पुढे नोकरी धरून मुरगावला गेली, लग्नालाही त्याला बोलावलं नाही.

मी मात्र दर रविवारी जेवण घेऊन जायचे. तो म्हणायचा, "सगळ्यांनी टाकलं मला. तू एकटी येतेस गो." त्याचे डोळे भरायचे. मी भात वाढत राहायचे. नऊ वर्षं. त्यातल्या कुठल्याही रविवारी बोलता आलं नसतं का?

गेल्या पावसात दादा गेला. बाराव्याला सायली आली. स्वयंपाकघरात आम्ही दोघीच होतो. भांडी पुसता पुसता तिने विचारलं, "आत्ये, बाबा खरंच विसरले होते?" तिच्या आवाजात राग नव्हता. तिला दुसरं काहीतरी ऐकायचं होतं – ते मला कळत होतं. स्वच्छ कळत होतं.

मी म्हटलं, "हो. विसरला होता."

तिने मान हलवली, फडकं दांडीवर टाकलं आणि संध्याकाळच्या बसने परत गेली.