तीन दिवसांचा अंधार

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. आईला नाही, चळवळीतल्या सोबत्यांना तर नाहीच. इतकी पत्रकं लिहिली, प्रत्येकात 'सत्य' हा शब्द ठळक होता – आणि हे मात्र कुठंच लिहिता आलं नाही. तुला सांगतो आहे. तू फक्त वाच.

मंठ्यात आमच्या घराला लागून सादिकचाचांचं घर. चाचा आरसे आणि तसबिरींच्या चौकटी करीत. हैदराबादेत एका हवेलीत आरसे बसवायला गेले असताना त्यांनी काचेच्या पेटीत पोहणारे मासे पाहिले. परत आल्यावर उरलेल्या काचा, पत्रा आणि राळ घेऊन तशी पेटी केली. मासे मात्र आमच्या पूर्णेच्या डोहातले – काडीएवढे, अंगावर निळ्या रेघा, सगळे मिळून एकदम वळणारे.

"ह्यो एकट्याचा मासा न्हाई," चाचा म्हणत. "एकटा ठेवला की रंग उडतो बघ त्याचा." एखादा एकटा उरलाच, तर ते पेटीला बाहेरून आरशाचा तुकडा टेकवून ठेवीत.

पिल्लं काढायची त्यांची रीत ठरलेली. हे मासे स्वतःचीच अंडी खातात. म्हणून उथळ पेटीच्या तळाला खेळायच्या गोट्या पसरायच्या. अंडी फटींत पडतात, वाचतात. मग मोठे मासे काढून घ्यायचे, पेटीवर गोधडीची दुहेरी घडी टाकायची आणि तीन दिवस तिला हात लावायचा नाही. चाचीसुद्धा लावत नसत.

"सुभेदार आला तरी उचलनार न्हाई," चाचा म्हणत.

मग सांग – सगळ्या मंठ्यात याहून सुरक्षित जागा कोणती होती?

मी सोळा वर्षांचा होतो. हैदराबादच्या राज्याविरुद्धची, बंदी घातलेली पत्रकं, माझ्याच हातची, मी त्या गोधडीच्या घडीत सरकवली. चाचांना विचारलं नाही. विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते का? आता वाटतं, नसते म्हणाले. पण विचारलं नाही.

दुसऱ्या सकाळी गल्लीत पोलिसांची झडती आली. मी चाचांच्या दारातच उभा होतो.

"ये क्या है, मियां?" जमादारानं विचारलं.

"अंडे हैं साहब. इनको अंधेरा होना."

"और मुर्गी किधर गई?" जमादार हसला, आणि त्यानं गोधडी उचलली.

कागद जमिनीवर पसरले. चाचांना मराठी अक्षर वाचता येत नव्हतं. त्यांनी कागदांकडे पाहिलं, मग माझ्या बोटांकडे – शाई अजून गेली नव्हती. मग म्हणाले, "रद्दी है साहब. मैं लाया बाजार से." कुणाकडून आणली, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. तिथंही नाही, पुढं आठ महिने तुरुंगातही नाही. गल्लीत मात्र चोरीच्या मालासाठी नेलं, असंच सगळे समजले. परतले तेव्हा उजव्या हाताची बोटं काच कापायच्या कामाची राहिली नव्हती.

मी गप्प राहिलो. पण मला सांगायचं आहे ते हे नाही. सोळा वर्षांचा मुलगा घाबरतो, असं म्हणून ते झाकता येईल – मी दहा वर्षं तसंच झाकलं. 'माझी पत्रकं पोलिसांना कधी सापडली नाहीत,' असं मी सभांतून सांगत आलो. लोक टाळ्या वाजवत.

यंदा ते राज्य गेलं. त्यानंतर आठवड्याभरात आमच्यातली काही पोरं मुसलमान घरांवर त्या राज्याचा राग काढत चाचांच्या दारात गेली, हातात काठ्या. मीही होतो. पुढारी माझ्याकडे वळला.

"तू तर शेजारचा. ह्या मानसानं आपल्यासाठी कधी काही केलंय का? केलं असंल तर सांग, आत्ताच परत जाऊ."

सगळे थांबले. खरंच थांबले होते. हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता – काय केलं? मग माझी ती न सापडलेली पत्रकं?

चाचा उंबऱ्यात बसले होते. ते माझ्या तोंडाकडे पाहत नव्हते. माझ्या बोटांकडे पाहत होते.

"न्हाई," मी म्हणालो.

काठी पेटीवर पडली. पाणी उंबऱ्यावरून रस्त्यावर आलं. चाचा ओणवे होऊन त्या वाकड्या बोटांनी मासे उचलून पातेल्यात टाकू लागले. ते निसटत होते. चाची रडत नव्हत्या, त्या बोचकं बांधत होत्या. दुसऱ्या दिवशी ते दोघं मंठा सोडून गेले. कुठं, ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही – तेव्हाही.

ते गेल्यावर मी त्यांच्या अंगणात गेलो. दाराजवळच्या खळग्यात पाणी साचलं होतं आणि त्यात एक मासा जिवंत होता. तो मी बरणीत ठेवला आहे. फुटक्या आरशांतला एक तुकडाही उचलून आणला होता.

त्याच्या निळ्या रेघा जवळजवळ पुसल्या आहेत. तुकडा बरणीला टेकवला की मासा काचेशी येतो आणि आरशातल्या माशाबरोबर एकदम वळतो. दिवसभर वळत राहतो.

पेटीवर गोधडी चाचांनी टाकली होती. कागद मी ठेवले होते. 'न्हाई' मी म्हणालो होतो.