मामाची चौकशी करणारा सोनार

निजामाच्या अमदानीत मुरूमच्या बाजारात एक सोनार पोरांचे कान टोचायला बसायचा. तार हातात घेण्याआधी तो पोराच्या मामाची चौकशी करी. कान टोचताना पोर मामाच्या मांडीवर बसवायची रीतच होती, म्हणून कुणाला त्यात नवल वाटत नसे.

माझ्या तान्ह्या भावाला घेऊन आम्ही गेलो, तेव्हा आई म्हणाली, "दोन्ही मामा ल्हानपणीच गेले."

"कशानं, माय?"

"एकाचा दुधाचा दात पडला, दुसऱ्याच्या पायाला काच लागली. रगत थांबलंच न्हाय."

बाळाच्या कानाची पाळी चोळणारी त्याची बोटं थांबली. तार त्यानं डबीत ठेवली. "ह्याचे कान ऱ्हाऊ द्या."

आजी कडाडली, "बिनटोचल्या कानाचं पोर मिरवू व्हय? का हात कापतो तुझा?"

"व्हय, आजी, कापतो. असंच मामा नसलेलं एक लेकरू माझ्या हातानं गेलं. तवापासून इचारतो."

पुढं सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, रक्त न गोठण्याचा हा आजार आईकडून मुलाकडे येतो. तोवर आईनं भावाला सुईच्या टोकापासूनही जपलं होतं.

परवा भाऊ गेला, नातवंडं खेळवून. त्याच्यासाठी रडताना मला सोनाराच्या हातानं गेलेलं ते लेकरूच आठवत राहिलं. त्याच्या जाण्यानं आम्हाला हा भाऊ इतकी वर्षं मिळाला.