गणपूर्तीचा अर्धा तास

आमच्या विज्ञान संघटनेचं दप्तर सांभाळणारे काका नियमाला भारी पक्के. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले, पण बोलणं अजून कळवणकडचं. सभेला ठरल्यापेक्षा कमी माणसं आली की ते उभे राहायचे. "गणपूर्ती नाय. सभा तहकूब. अर्ध्या तासानं इथंच."

मग आम्हा चार-पाच जणांना बाहेर काढून ते खोलीला चक्क कुलूप लावायचे. अर्ध्या तासानंतरच्या सभेला कितीही माणसं चालतात, असा नियम. माणसं अर्थातच तेवढीच असायची. मला चीड यायची. पण बाहेर ओट्यावर चहा आला की काका खुलायचे. कोणी घरी आरसा घासून केलेली दुर्बीण, ग्रहण बघायला लोटलेलं अख्खं देवळा गाव, सगळं आम्ही त्या ओट्यावर ऐकलं. इतिवृत्तात यातलं एक अक्षर नाही.

परवा संघटना बंद करायची सभा झाली. दप्तर मी शिकवतो त्या कॉलेजच्या ग्रंथालयाला द्यायचं होतं. कधी न फिरकणारे सभासदही आले, खुर्च्या पुरेनात. काकांनी डोकी मोजली, पुन्हा मोजली.

"सुरू करायचं ना, काका?" मी विचारलं.

"करा. आज गणपूर्ती हाय," ते पडेल आवाजात म्हणाले.

ठराव लगेच मंजूर झाला. लोक पांगले. काकांनी खोलीला कुलूप लावलं, किल्ली माझ्या हातात दिली आणि ओट्यावर जाऊन बसले.

"बसा सर," ते म्हणाले. "अर्धा तास."