आक्काची दुसरी दुभाषी

माझ्या मोठ्या बहिणीला, आक्काला, जन्मापासून ऐकू येत नाही. केदारखेड्यात लहानपणी आम्ही दोघींनी मिळून खुणा तयार केल्या. कपाळावर मळवट भरल्यासारखा तळवा फिरवला की पिंपळगावची रेणुकाई, मुठी गोल फिरवल्या की भोकरदनची बस. दवाखान्यात, बँकेत, सोयरिकीच्या बैठकीत तिच्या वतीनं मीच बोलायचे. लोक म्हणत, धाकटी आहे म्हणून मोठीचं निभतं. ते ऐकायला मला आवडायचं.

आक्का भोकरदनला ब्लाउज शिवते. दोन वर्षांपूर्वी तिनं मोबाईल घेतला आणि व्हिडिओ बघून बघून कर्णबधिरांची सांकेतिक भाषा शिकली. मला वाटायचं, करमणूक आहे. मागच्या हिवाळ्यात तिनं मला एक जाहिरात दाखवली. पुण्यातल्या एका कलासंग्रहालयात कर्णबधिरांसाठी दुभाषी ठेवून चित्रं दाखवणार होते. जायचंच, म्हणून ती अडून बसली. माझी मुलगी पुण्यात असते. तिच्याकडे उतरलो आणि मी सोबत गेले. तिथंही माझी गरज पडेलच, असं मनात होतं.

दारात काळा सदरा घातलेली एक तरुण मुलगी उभी होती, तीच दुभाषी. हात उठून दिसावेत म्हणून काळा, हे मला नंतर कळलं. तिनं आक्काला खुणेनं काहीतरी विचारलं आणि आक्काचे हात सुरू झाले. ते इतके भरभर चाललेले मी आजवर पाहिले नव्हते.

संग्रहालयातल्या बाई चित्राबद्दल बोलायच्या, ती मुलगी ते हातांनी सांगायची. नऊवारीतल्या एका बाईच्या चित्रापुढं आक्का थांबली आणि चोळीची बाही काखेत कशी चुकलीय ते दाखवू लागली. बोटांची कात्री केली म्हणून एवढं तरी मला कळलं. मुलगी हसली, सोबतचे दहाबारा जण हसले. आक्का चारचौघांना हसवू शकते, हे मला माहीत नव्हतं. मी तिची पिशवी धरून मागं उभी होते.

मग तिनं आमच्या घरची एक जुनी खूण केली, दोन बोटं मिशीवरून. म्हणजे आमचे वडील. त्यापुढचं सगळं नव्या भाषेत. मुलगी गंभीर होऊन बघत होती. मला राहवलं नाही. मी मधे शिरले.

"काय म्हणून राह्यली ती?"

"काकू, ते त्यांनी मला सांगितलंय. तुम्हाला सांगू का, त्यांना विचारते."

तिनं विचारलं. आक्कानं माझ्याकडं बघून उत्तर दिलं.

"त्या म्हणतात, आत्ता नको. आज त्यांना स्वतःचं स्वतः बोलायचंय."

मुलगी गोडीनं बोलली, त्याचाच जास्त राग आला. कालची पोर, आणि माझ्याच बहिणीचा निरोप मला देते. मी बाकावर जाऊन बसले. पुढची चित्रं पाहिलीच नाहीत. परतीच्या बसमध्ये जालन्यापर्यंत आक्काला एक खूण केली नाही. तिला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. ती मोबाईलवर त्या मुलीला निरोप पाठवत होती.

महिनाभर कुढले. मग दार लावून चोरून तेच व्हिडिओ बघायला लागले. माझी बोटं आखडलेली, एकच खूण चारदा चुकायची. उन्हाळ्यात थोडं जमायला लागलं तेव्हा आक्काला विचारलं, त्या दिवशी वडिलांचं काय सांगत होतीस?

लहान पोरीला सांगावं तसं तिनं सावकाश सांगितलं. आम्ही लहान असताना पिंपळगावला देवळाची भिंत रंगवायला रंगारी आला होता. वडिलांनी तिला एकटीला सायकलवर तिथं नेलं, दिवसभर बसवलं आणि रंगाऱ्याला विनवून तिच्या हातात ब्रश दिला. मोराचं एक पीस तिनं रंगवलं होतं.

मला कधी नेलं नाही, मी म्हणाले.

"तुला सगळे सांगायचे," तिनं हातांनी म्हटलं. "मला दाखवावं लागायचं."

ते खरंच होतं. तरी त्या सायकलीवर मागं मी का नव्हते, हे मनातून गेलं नाही.

आता दर रविवारी दुपारी ती त्या मुलीशी व्हिडिओवर बोलते. मी तिथंच बसून ब्लाउजांना हुक लावते. निम्मं कळतं. दोघींचं हसून झालं की मला गंमत उमगते. मग आक्का थांबते, मला समजावून सांगते. बरं वाटतं. पण त्या पोरीला काहीच समजावून सांगावं लागत नाही, ते खुपतं.